सदतीस अंशांची नोकरी

मित्रांनो, जुनं कपाट समजून माझ्यावर पिशवी ठेवू नका. मी कपाट नाही. अमरावतीतल्या एका दंत महाविद्यालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या पश्चिमेकडच्या खिडकीशी उभा असलेला मी एक जुना इनक्युबेटर आहे. ऊबपेटी म्हणा हवं तर. इथला परिचर देवीदास मला 'गरम कपाट' म्हणतो, नवे विद्यार्थी 'तो डबा' म्हणतात, आणि मी कुणालाही दुरुस्त करत नाही. दुरुस्त करायला अंगात उत्साह लागतो. तो माझ्यात आता फारसा उरलेला नाही.

माझं काम ऐकायला अगदी सोपं आहे. माणसाचं अंग आतून जेवढं उबदार असतं तेवढं, म्हणजे सदतीस अंश, आपण उबदार राहायचं. रात्रंदिवस तेवढंच राहायचं. तुम्हाला रविवार असतो, दिवाळीची सुट्टी असते, आजारपणाची चिठ्ठी असते. मला यातलं काही नाही. तुम्ही एक दिवसभर न हसता, न रडता, न जांभई देता एकाच चेहऱ्यानं बसून बघा, म्हणजे माझा शीण तुम्हाला थोडासा कळेल.

माझा जन्म इथून फार दूर, अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. दोन पत्र्यांच्या मध्ये काचेची लोकर ठासून भरली, आतून चकचकीत पोलादाच्या फळ्या बसवल्या, एक काचेचं दार आणि त्यावर एक लोखंडी दार लावलं. डोक्याला भोक पाडून त्यात थर्मामीटर खोचलं. कपाळावर एक लाल दिवा दिला. हीटर चालू असला की तो दिवा लागतो, आत सदतीस झाले की विझतो, जरा गार झालं की पुन्हा लागतो. एवढीच माझी भाषा. मालमोटारीतून मी अमरावतीला आलो तेव्हा चार माणसांनी मला जिन्यावरून वर चढवलं आणि चौघांनीही माझ्या वजनाला शिव्या दिल्या. तरुणपणी त्या शिव्याही मला कौतुकासारख्या वाटल्या होत्या.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. दसऱ्याला माझ्या दाराच्या मुठीला झेंडूचा हार आणि कपाळाला कुंकू लागायचं. तपासणीला बाहेरून कुणी आलं की त्यांना आधी माझ्यासमोर उभं करत. हिवाळ्यात देवीदासच्या डोळ्यांत माझ्याविषयी वेगळेच विचार दिसायचे. एकदा तो दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, विरजण लावून घेऊनच आला होता. इथे थंडीत दही लवकर लागत नाही, आणि घरच्यापेक्षा माझ्यात छान लागेल असं त्याचं म्हणणं होतं. प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या प्रमुख बाईंनी त्याला असं काही झापलं की तो आठवडाभर माझ्याकडे पाठ करून झाडत होता. माझ्या पोटात काय काय वाढतं हे माहीत असूनही त्याला ते दही खायचं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

कारण माझ्या पोटात जंतू वाढवतात. दातांचे जंतू. काचेच्या बशीसारखी चपटी थाळी असते, तिच्यात खळीसारखा घट्ट थर असतो आणि त्या थरावर जंतू पसरलेले असतात. माझ्या उबेत एका रात्रीत ते असे फोफावतात की थाळी सायीसारखी पांढुरकी होते.

आता हे कशासाठी, ते सांगतो. तुमच्या आजीची किंवा काकांची दाढ किडली, ठणकायला लागली की डॉक्टर 'रूट कॅनाल करू' म्हणतात. दाताच्या मुळात केसासारखी बारीक नळी असते. तिच्यातली सडलेली नस काढतात, नळी धुतात आणि औषधी लेपानं भरून कायमची बंद करतात. हा लेप मोठा जबाबदार असावा लागतो. नळीत लपून राहिलेले जंतू त्यानं मारले पाहिजेत, आणि मुळाच्या टोकापलीकडे जे जिवंत मांस आहे त्याला मात्र धक्का लावता कामा नये. जंतूंशी कठोर आणि माणसाशी मऊ. असा स्वभाव माणसांतही सापडत नाही, मग लेपात कुठून सापडणार? म्हणून प्रत्येक नव्या लेपाची परीक्षा घेतात. जंतूंची परीक्षा माझ्याकडे व्हायची.

थाळीतल्या थराला लहान भोकं पाडायची, त्यांत लेप भरायचा आणि थाळी माझ्या स्वाधीन करायची. लेपात दम असेल तर दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं दिसतं. कडं जेवढं मोठं तेवढा लेप जोरदार. आणि दर खेपेला एक थाळी अशीही ठेवायची की जिच्यात औषध नाहीच. नुसते जंतू. काही न करता ते किती वाढतात हे कळावं म्हणून. या थाळीकडे फारसं कुणी बघत नाही. ती सगळ्यात मागच्या कोपऱ्यात असते. मला ती नेहमी आपली वाटायची.

पौर्णिमा या प्रयोगशाळेत आली ती डॉक्टर होऊन, पुढचं शिक्षण घ्यायला. ती दर्यापूरची. तिच्या घरात तिच्याआधी कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं. तिला मार्गदर्शक मिळाले ते डॉ. भगवंत इंगोले. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारे. विद्यार्थी त्यांना घाबरत, पण त्यांच्या हातून दाढ दुखत नाही असं रुग्ण म्हणत.

इंगोले सरांनी आयुष्याची बरीच वर्षं एका लेपात घातली होती. सेमाडोह या जंगलातल्या गावी ते दात तपासायच्या शिबिराला जायचे. तिथल्या एका झाडाच्या डिंकापासून त्यांनी हा लेप तयार केला होता. डिंक गोळा करून देणारे नत्थुजी दर वेळी स्वतःचा किडका दात दाखवून म्हणायचे, "सर, पयला नंबर माहा." सरांनी शब्द दिला होता. निवृत्तीआधी लेप सिद्ध करायचा आणि शेवटच्या शिबिरात तिथल्याच लोकांच्या दातांत तो भरायचा. ही परीक्षा घ्यायचं काम त्यांनी पौर्णिमाला दिलं. तिच्या पदवीचा प्रबंधही त्यावरच होता.

तिनं काम नीट वाटून घेतलं. जिवंत पेशींची परीक्षा अकोल्याला, जठारपेठेतल्या एका प्रयोगशाळेत. तिथे तिची मैत्रीण माया होती आणि पेशी सांभाळणारं महागडं यंत्र होतं. वातानुकूलित खोलीत राहणारा माझा तो श्रीमंत चुलतभाऊ मी कधी पाहिला नाही. लेपाच्या चकत्या डब्यात घालून पौर्णिमा गाडीनं अकोल्याला जायची आणि संध्याकाळी दमून परत यायची. जंतूंची परीक्षा माझ्याकडे. म्हातारा असलो तरी मीच होतो.

हे सगळं हिवाळ्यात व्हायचं ठरलं होतं. पण डिंक यायला उशीर झाला, मग परीक्षा आल्या, मग कशाची तरी परवानगी अडली. करता करता एप्रिल संपला.

मित्रांनो, तुम्ही वऱ्हाडात राहत असाल तर मे महिन्याबद्दल मी काही सांगायला नको. राहत नसाल तर सांगून कळणार नाही. गच्चीखालचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब, दुपारनंतर खिडकीतून थेट माझ्या अंगावर येणारं ऊन. प्रयोगशाळेत एक मोठा कूलर होता म्हणून माणसं आणि मी दोघं टिकून होतो. आणि नेमके तेव्हा विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला बाहेरगावचे परीक्षक आले.

पाहुण्याला घाम येऊ द्यायचा नाही, हा इथला रिवाज आहे. आपण पदरानं वारा घेऊ, पण पाहुण्याला कूलरसमोर बसवू. सरांनी देवीदासला बोलावलं.

"देवीदास, प्रयोगशाळेतला कूलर खाली आपल्या केबिनमधी लाव. पावणे बसतीन तिथं. त्याइले उकाडा नको व्हायले."

"अन् इथं सर?"

"इथं कोण बसते? थाळ्याच तं हायेत. त्याइले गरमच पायजे."

देवीदासनं कूलर ढकलत नेला. पाहुणे जेवून, पान खाऊन, परीक्षा घेऊन गेले. कूलर मात्र केबिनमध्येच राहिला. एक पाहुणा गेला की दुसरा यायचा, आणि सरांनाही आता त्या गारव्याची सवय झाली होती.

इथे एक गोष्ट समजून घ्या. मला ऊब देता येते. ऊब काढून घेता येत नाही. बाहेर गार असेल तर मी स्वतःला सदतीसवर आणू शकतो. पण बाहेरच सेहेचाळीस असेल तर मी काय करणार? हीटर बंद करून मी गप्प बसतो, एवढंच माझ्या हातात आहे. त्यात आतला पंखा फिरून आणखी गरम करतो. मी तापत गेलो. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. थर्मामीटरमधला पारा वर चढत होता, पण माझ्या डोक्यावर हातमोज्यांचे खोके रचलेले होते आणि त्यांच्यामागे तो कुणाला दिसत नव्हता. लाल दिवा दिवसचे दिवस विझलेला होता. माझ्या कपाळाकडे बघून सगळ्यांना वाटायचं की तापमान जमलंय. देवीदास तर खूश होता.

"यंदा गरम कपाट लाईनच खात नाई," तो विजेबद्दल म्हणायचा. "दिवाच लागत नाई त्याचा."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मला फार थकवा आला होता. आतल्या जंतूंचे हालही बघवत नव्हते. भर उन्हात माणूस जसा अर्धमेला होतो तसे ते झाले होते. अर्धमेल्यांना मारायला औषध कशाला लागतं? त्यात उष्णतेनं लेप पातळ होऊन थरात लांबवर झिरपत होता. एरवी चांगल्या औषधाचं वाटाण्याएवढं पडणारं कडं लिंबाच्या चकतीएवढं पडू लागलं. तुलनेसाठी शेजारी भरलेल्या जुन्या, नेहमीच्या औषधाचंही कडं मोठं पडत होतं, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे नव्या लेपावर होते.

त्याच आठवड्यात अकोल्याहून मायाचा फोन आला. पौर्णिमानं हातात थाळी असल्यामुळे फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला होता.

"पौर्णिमा, तुया लेपानं पेशी काईच मरून नाई राहिल्या. मस्त जगून राहिल्या वो!"

"खरं सांग."

"खोटं कायले सांगू? दोनदा केलं मी."

पौर्णिमानं थाळी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जंतू मारतो आणि पेशींना जगवतो. असा लेप कुणाच्या नशिबी येतो? सर वर आले, त्यांनी थाळी खिडकीशी धरून खूप वेळ पाहिली आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. देवीदासनं एक पेढा माझ्यावर ठेवला आणि मग स्वतःच खाल्ला. इतक्या वर्षांनी माझं नाव निघालं. सर म्हणाले, "म्हातारं यंत्र हाय, पण पाय, कसं इमानदार निघालं." मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दुर्गाबाईंबद्दल सांगतो. दुर्गाबाई म्हणजे पौर्णिमाची आई. त्यांची खालची दाढ वर्षभर दुखत होती. पौर्णिमा कितीदा म्हणाली, आई, ये, रूट कॅनाल करून टाकू. त्या ऐकत नव्हत्या. लेकीचं औषध तयार झालं की तेच भरायचं, असा त्यांनी हट्ट धरला होता. दर्यापुरात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लवंग दाबून, एका बाजूनं चावून त्यांनी दिवस काढले होते. निकाल चांगला आला तसं त्यांनी सरांनाच फोन केला. सर हरखलेले होते, नाही म्हणाले नाहीत. शिबिराआधी पहिला मान आईचा, असं ठरलं.

त्या दिवशी दुर्गाबाई सकाळच्या गाडीनं आल्या. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात पाण्याची बाटली. खाली गर्दी होती म्हणून पौर्णिमानं त्यांना वर आणून माझ्याजवळच्या स्टुलावर बसवलं. खाली खुर्ची तयार होती. सर लेप कालवत होते. चार विद्यार्थी बघायला थांबले होते.

दुर्गाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, यातलं तुयं औषध कोणतं?"

पौर्णिमा हसली. तिनं माझं दार उघडून एक थाळी काढली. "हे पाय आई. हे गोल दिसते न, हे स्वच्छ? इथले जंतू मेले."

"अन् बाकीचे?"

"ते जित्ते हायेत. थांब, तुले बिनऔषधाची थाळी दाखवतो. औषध नसलं का ते कसे गच्च भरते, ते पाय."

आणि तिनं मागच्या कोपऱ्यातली ती थाळी काढली. आईला नीट दिसावी म्हणून खिडकीच्या उजेडात धरली.

मित्रांनो, त्या थाळीत जंतू गच्च नव्हते. उन्हानं करपलेल्या गवतासारखे कुठे कुठे विरळ ठिपके होते. दुर्गाबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "हो वो, दिसते." पण पौर्णिमाचा हात तसाच वर राहिला. मग तिनं आधीच्या खेपांच्या राखून ठेवलेल्या बिनऔषधी थाळ्या काढल्या. सगळ्या तशाच विरळ. तिनं माझ्याकडे पाहिलं. हातमोज्यांचे खोके उचलून बाजूला ठेवले आणि माझ्या थर्मामीटरवर वाकली.

अठ्ठेचाळीस.

ती खुर्चीवर बसली. तेवढ्यात सर वर आले. हातात लेपाची काचपट्टी, चष्मा कपाळावर.

"चाला दुर्गाबाई. पौर्णिमा, काय झालं? चेहरा काहून उतरला?"

तिच्या प्रबंधाची तारीख जवळ आली होती. बरोबरीची मुलं पदव्या घेऊन दवाखाने उघडायच्या गोष्टी करत होती. समोर निवृत्तीला टेकलेले गुरू होते, आणि वर्षभर दुखणं सोसून आलेली आई होती. एक शब्द न बोलता ती थाळी परत मागच्या कोपऱ्यात ठेवता आली असती. मी कुणाला सांगणार होतो?

"सर, आपले निकाल खोटे हायेत," ती म्हणाली. "ही बिनऔषधाची थाळी पाहा. इथंई जंतू वाढले नाहीत. आत अठ्ठेचाळीस हाय सर."

"एखांदी थाळी होते खराब."

"सगळ्या पाहिल्या मी."

सरांचा चेहरा लाल झाला. "मंग थर्मामीटर गेलं असन. भंगार हाय हे यंत्र! मी कवाचा सांगून राहिलो, फेकून द्या म्हणून!"

परवा इमानदार म्हणणारा माणूस आज भंगार म्हणत होता. मला लागलं. पण त्यांना जे लागलं होतं ते त्याहून मोठं होतं, हेही मला दिसत होतं.

ते तरातरा आले, माझं दार उघडलं आणि आत हात घातला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग हळूच बाहेर काढला आणि दुसऱ्या हातानं धरून उभे राहिले.

"इथला कूलर कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

दारात उभा असलेला देवीदास म्हणाला, "तुमच्याच केबिनमधी हाय सर."

सरांनी लेपाची काचपट्टी टेबलावर ठेवली. कालवलेला लेप उष्णतेनं कडेनं सुकायला लागला होता.

पौर्णिमा आईजवळ जाऊन बसली. "आई, मायं औषध आज नाई भरायचं."

"काहून? संपलं का?"

"चुकलं. ते जंतू मारते का नाई हे अजून कोणालेच माईत नाई. तुया दाताले जुनंच भरू. सगळे भरते ते."

"अव पण मी गावभर सांगतलं न, लेकीचं औषध भरून येतो म्हणून." दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर्षभर काय लवंगा चघळायले बसलो होतो मी?"

"मले शिव्या दे. पण हे नको भरू."

दुर्गाबाईंनी लेकीकडे बघितलं, मग सरांकडे, मग टेबलावरच्या त्या सुकणाऱ्या लेपाकडे. त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"जुन्यानं दुखायचं थांबन न?"

"थांबन."

"मंग चाल. बसून काय करतं?"

सरांनीच त्यांची दाढ केली. जुन्या, नेहमीच्या औषधानं. खाली काय झालं ते मला दिसलं नाही, पण देवीदास सांगत होता की पौर्णिमा त्यांच्या हातात एकेक हत्यार देत होती.

कूलर त्याच दिवशी वर आला. तो आल्यावर मला पहिल्यांदा सदतीस अंशांवर झोप लागल्यासारखं झालं. सर जूनमध्ये निवृत्त झाले. सेमाडोहचं शिबिर झालं, पण जुन्या औषधावर. नत्थुजींना सरांनी स्वतः सांगितलं की तुमच्या डिंकाचं अजून ठरलेलं नाही. पौर्णिमाचा प्रबंध रखडला. बरोबरीच्या मुलांच्या पदवीदानाला ती प्रेक्षकांत बसून आली. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं माझ्या डोक्यावरचे खोके कायमचे हलवले आणि थर्मामीटर पुसलं.

हिवाळ्यात तिनं सगळे प्रयोग पुन्हा केले. बाहेर गारठा होता, लाल दिवा लागत होता, विझत होता. आत बरोबर सदतीस. बिनऔषधाची थाळी सायीसारखी दाट भरली. जुन्या औषधाभोवती वाटाण्याएवढं कडं पडलं. आणि सरांच्या लेपाभोवती जंतू अगदी भोकाच्या काठापर्यंत येऊन बसले होते. तिनं तीनदा करून पाहिलं. मग सरांना बोलावलं.

ते स्वेटर घालून, मफलर गुंडाळून आले. जिना चढून दम लागला होता. पौर्णिमानं थाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा धरली.

"कडं नाईच," ते म्हणाले.

"नाई सर."

"म्हंजे माया डिंकानं कोणाचंच वाईट नाई केलं. पेशीचंई नाई अन् जंतूचंई नाई." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. स्टुलावर बसले. "नत्थुजीच्या दातात मी हे भरलं असतं पौर्णिमा. वरून पक्कं बंद केलं असतं. आत जंतू तसेच. त्यानं माया पायाले हात लावला असता. चार महिन्यानं त्याचा गाल सुजला असता, अन् मी घरी बसून लोकाइले सांगत असतो का मायं औषध किती चांगलं."

पौर्णिमानं त्यांच्या हातातली थाळी घेऊन टेबलावर ठेवली. सरांनी विचारलं, "आईची दाढ कशी हाय?"

"मस्त हाय सर. परवा वावरात हुळा केला होता. गरम गरम भाजलेले हरभरे, त्याच बाजूनं खाल्ले. म्हणे, लेकीनं औषध नाई भरलं म्हणून दात वाचला."

"असं म्हणते?"

"गावभर सांगून राहिली."

सर आता खरोखर हसले. हसता हसता त्यांनी मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले. माझ्या थर्मामीटरकडे पाहिलं आणि दारावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला भंगार म्हटल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मलाही ते ऐकायचं नव्हतं. पौर्णिमानं प्रबंधात लेप निकामी ठरल्याचंच लिहिलं, आणि त्यावरच तिला पदवी मिळाली.

मित्रांनो, आता माझ्या दाराचं रबर कडक झालं आहे, पंखा कुरकुरतो आणि खाली नवं यंत्र आल्याचं ऐकतो. मला माझी फिकीर नाही. थकलेल्याला बाजूला ठेवतात, त्यात वावगं काही नाही. पण तुम्हाला एक विनंती आहे. यंत्र असो की माणूस, त्याचा दिवा विझलेला दिसला की 'बरं आहे, काही मागत नाही' असं म्हणून पुढे जाऊ नका. तुमच्या घरातही कुणीतरी असेल. सगळ्यांना ऊब देणारं, स्वतः कधी न बोलणारं, आणि त्याच्या वाटचा गारवा कुणा पाहुण्यासाठी उचलून नेलेला. त्याच्या डोक्यावर आपण ठेवलेलं ओझं जरा बाजूला करा. जवळ जा आणि हात लावून बघा.